धाप लागल्यावर डोळे मिट

ओतेपाच्या व्यायामशाळेत, निळ्या चटईवर
पाठ टेकून मी रोज नेम धरायचे.
दिवे मंद, खांदे सैल,
बोटांच्या टोकांपर्यंत झोप उतरलेली.
पापण्यांमागे पन्नास मीटरवर पाच काळ्या चकत्या,
आणि पाचही, एकामागून एक, पांढऱ्या.
तिथे मी कधी चुकलेच नाही.
सबंध नोव्हेंबर.

जानेवारीत चढ संपवून, स्कीवर उभ्यानं
दस्ता खांद्यात रोवला, तर नळीचं टोक
माझ्याच नाडीवर डोलत होतं
आणि चकत्या दुसऱ्याच कुणाच्या तरी.
तीन राहिल्या काळ्या.
दंडाच्या तीन फेऱ्या मारताना कळलं:
नोव्हेंबरभर जी नेम धरत होती
तिला काळीजच नव्हतं.

एन्देल घड्याळ बघत म्हणाला,
"जिना. चार वेळा. मग डोळे मिट."
एवढंच. तो बोलतो तेव्हा शब्द विकत आणल्यासारखे.

वरच्या पायरीवर, भिंतीला टेकून
मी बोलवत राहिले ते चित्र, आणि ते येईना.
कानांत रक्त घण घालत होतं.
आधी नुसता आवाज आला, मग बर्फाचा वास,
मग गालाला गार लाकूड लागलं, नव्हतं तरी.
चकती यायची, विस्कटायची, परत यायची.
तिसरी चुकली.
मनातल्या मनात चुकली! मला हसूच फुटलं.
एन्देल म्हणाला,
"आता कुठे खोटं बोलायचं थांबलीस."

क्रेएटनं सुचवलं, सॉनात बसून कर,
तिथेही छाती धडधडतेच की.
केलं. धडधड होती, धाक नव्हता.
वाफ अंगाला कुरवाळते,
चढ अंगावर येतो.
घामालासुद्धा कळतं, आपण कशासाठी आलोय.
पाचही चकत्या लोण्यासारख्या विरघळल्या
आणि मला जेवण आठवलं.

तेव्हापासून जिनाच.
धापेच्या तळाशी एक बारीक जागा असते,
एक ठोका पडून गेलेला, दुसरा अजून यायचाय;
तिथे बोट ठेवायचं, चापावर, अलगद.
कधी सापडते. बऱ्याचदा नाही.

मार्चमध्ये, वारा डावीकडून,
पहिल्या तिन्ही गेल्या.
चौथी चुकली.
पण ही चूक ओळखीची होती,
जिन्यात रोज भेटणारी.
तिला वाट दिली, श्वास अर्धा सोडला,
आणि पाचवीची घाई केली नाही.