फेब्रुवारीतले पियानो

तार्तू शहरात फेब्रुवारी हा माझ्या सुगीचा महिना.
बाहेर उणे अठरा, घराघरांत हीटर,
हवेतली ओल कुणी पिळून नेल्यासारखी.
लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल पडतात.
फोन येतात: मारिका, पियानो बिघडला.
मी म्हणते, बिघडला नाही, तहानलाय.
खालच्या फळीमागे पाण्याची बरणी ठेवा.
एकतीस वर्षं हेच सांगत आले.

स्वतःला मात्र
दोन वर्षं सांगता आलं नाही.

डावा स्तन काढला तेव्हा सगळी गल्ली आली होती,
कुणी सूप घेऊन, कुणी लोकरीची टोपी.
छातीबद्दल बोलायची लोकांना सवयच झाली,
बेकरीवाली भर रांगेत विचारायची.
मग रोज एक पिवळी गोळी, पाच वर्षं,
अंगातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन पुसणारी.
ती आणखी काय काय पुसते
ते कागदावर बारीक अक्षरात होतं.

आधी सायकलची सीट वैरी झाली.
मग लघवी, काचेची पूड जावी तशी.
परक्या घरी सूर लावता लावता
दर अर्ध्या तासानं: बाथरूम कुठंय?
तीनदा अँटिबायोटिक,
तिसऱ्यांदा तर रिपोर्टात जंतूच नव्हते.
उर्मास पाठ करून झोपायला लागला.
मला वाटे, माझ्या सपाट बाजूमुळे.

अवघड जागेचं दुखणं,
त्यात डॉक्टर कोण, तर तावी,
पेडलला पाय पुरत नव्हते तेव्हापासून
ज्याचा पियानो मी लावला.
"आणखी काही?"
"खांदा जरा आखडतो," म्हणाले.
फुटपाथवर येऊन स्वतःला एक सणसणीत शिवी दिली

आणि परत वर गेले. कोट न काढताच.
"तावी, खाली कोरड पडलीय.
खाली म्हणजे गुडघ्यात नाही."
पोरगा कानापर्यंत लाल झाला,
पण खुर्ची जवळ ओढून बसला.
म्हणाला, बऱ्याच जणींना होतं हे,
विचारायला मीच हवं होतं.

आता सूर लावायच्या हातोडीशेजारी एक ट्यूब असते,
हार्मोन नसलेली; ठरलेल्या रात्री, न चुकता.
तिथं साबण बंद.
दुसरी बाटली, निसरडी, उर्मासच्या खणात.
फिजिओ त्रीनू आतले स्नायू
आवळायला नाही, आधी सोडायला शिकवते.
हे मला ठाऊक असायला हवं होतं,
चढवायची तार आधी जराशी उतरवतात.
आणि नाहीच भागलं तर थोडंसं इस्ट्रोजेन, तिथल्या तिथे,
पण कॅन्सरच्या डॉक्टरणीला विचारून.
तो प्रश्न अजून वहीत आहे.

पूर्वीसारखं झालंय असं नाही.
परवाच पुलापासून सायकल हातात धरून आले.

उर्मासला अंधारात सांगितलं.
शब्द मिळेनात, म्हणून पियानोचेच वापरले,
बरणी, लाकूड, फेब्रुवारी.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"मला वाटलं, तुला मीच नको झालो."
"गाढवा," म्हणाले.
तो उठला, स्वयंपाकघरात खुडबुडला,
आणि सगळ्यात मोठं पातेलं पाण्यानं भरून
रेडिएटरवर ठेवून आला.
मी इतकी हसले, इतकी हसले
की उठून धावत जावं लागलं.