विस्तव

बेथेस्डात, स्लेटच्या खाणीखालच्या उतारावर
बावीस नंबरचं घर. खाली नेरिस, वर एलुनेद.
सख्ख्या बहिणी, आणि दोघींमधून विस्तव जात नाही.
गावाला हे माहीत होतं. कारण मात्र घरोघरी वेगळं :
कुणी म्हणे वडिलांचं मृत्युपत्र,
कुणी म्हणे चर्चच्या गायकवृंदातला एक उंच माणूस.
माझी आई म्हणायची, खिडक्यांचा रंग.

मी येस्टिन, बॉयलरवाला.
शेगडीमागच्या कोनाड्यात टॉर्च मारला.
सत्तेचाळीस हिवाळे जळलेलं यंत्र,
पोटात करंगळीएवढी निळी ज्योत.
म्हणजे विस्तव जातच होता की,
एकाच तांब्याच्या नळीतून, खालून वर.

"याचे भाग आता मिळत नाहीत," मी म्हटलं.
"तिला सांग," नेरिस म्हणाली.
मी जिन्यात जाऊन सांगितलं.
"ऐकू आलं," वरून उत्तर. "तिला सांग,
नाताळपासून पाणी कोमट येतंय."

पॅसेजमध्ये थर्मोस्टॅट, सोळावर, नेरिसच्या ताब्यात.
त्याखाली भिंतीच्या कागदावर ओलीचा डाग.
मला वाटलं, गळती.
"मटार," नेरिस म्हणाली.
रात्री दोनला धाकटी अनवाणी उतरते,
गोठलेल्या मटारची पिशवी थर्मोस्टॅटवर टांगते.
त्याला वाटतं घर गारठलं,
आणि बिचारा बॉयलर धडधडत राहतो.
"मग तुम्ही?"
"मी जागीच असते. तीनला पिशवी फ्रीजरमध्ये ठेवते परत.
मटार वाया जातात नाहीतर."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद पसरले.
हीट पंप : सगळे रेडिएटर बदलायचे,
आणि मागचं अंगण पंजाएवढं.
"पैसे किती वर्षांत फिटतात?"
"चौदा-पंधरा."
नेरिस खळखळून हसली. एक्क्याऐंशीची आहे ती.

टाकीवाला बॉयलर : वरच्या कपाटात दीडशे लिटर गरम पाणी,
दोन नळ एका वेळी, कुणाचं कुणाला बंधन नाही.
हजार पौंड जास्त.

आणि कॉम्बी. टाकी नाही, भिंतीवर मावतो,
मागाल तेव्हा, मागाल तेवढंच पाणी तापवतो.
"फक्त," जिन्याकडे तोंड करून मी मोठ्यानं म्हणालो,
"दोघींनी एकाच वेळी नळ सोडायचा नाही.
सोडलात तर दोघींनाही कोमट.
आधी एकमेकींना विचारावं लागेल."

मी स्वतः टाकीवाला सुचवला.
महाग असला तरी भांडण नाही.

घर गप्प. कोनाड्यातला म्हातारा खोकला.
एक पायरी वाजली. बऱ्याच वेळानं आणखी एक.
"कॉम्बी," वरून आवाज आला.
नेरिसनं चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.
"पैसे वाचतात," ती मला म्हणाली,
मी काही विचारलं नसताना.

जुना बाहेर काढला तेव्हा मागे
ओंजळभर काजळी निघाली, कावळ्याच्या घरट्याच्या काड्या,
आणि अजून उबदार असलेल्या विटा.

वर्षानं सर्व्हिसला गेलो.
दाब सव्वा बार. ज्योत निळी.
बाहेरची निचऱ्याची नळी थंडीत गोठली नव्हती.
मटारचा डाग मात्र थोडा पसरलेला.

झाकण लावत होतो, तोच पाइपवर टकटक.
हवा अडकली असेल म्हणून मी कान लावला.
"अंघोळीला चालली," नेरिस म्हणाली
आणि साबणाचे हात तसेच ठेवून
तिनं भांड्यांवरचा नळ बंद केला.
"एक ठोका म्हणजे चालले. दोन म्हणजे झालं."
"बोलत नाही तुम्ही अजून?"
"कशाला?"

मी वहीवर सही घेतली.
दार ओढतच होतो, तेवढ्यात वरून
तीन ठोके आले, सावकाश.
नेरिसनं चमचा उचलला आणि पाइपकडे वळली.
तिनाचा अर्थ मी विचारला नाही.
पायऱ्यांवर दव होतं, हत्यारं जड होती,
पुढच्या घरी म्हातारा वाट बघत होता, गारठलेला.