दोन डोळे आत

बेकिनकेऱ्याच्या तळ्याखाली
गावानं मिळून राखलेलं एक शेत आहे,
सात-आठ गुंठ्यांचं, तांबड्या मातीचं.
सहावीचा वर्ग घेऊन तिथं गेले
तेव्हा पिशवीत हजेरी होती, पुस्तक होतं,
'वनस्पतींचे पुनरुत्पादन' या पानाला घडी घातलेली,
आणि एक खडू.
खडू कशाला नेला, कुणास ठाऊक.

कन्नड शाळेची मुलं आधीच बांधावर.
त्यांचं नि आमचं पटांगण एक, नळ एक,
घंटा तेवढ्या दोन,
पाच मिनिटांच्या फरकानं वाजणाऱ्या.

निंगव्वा वेलांचा भारा सोडत बसलेली.
"बी कुठाय?" शिफानं विचारलं.
"रताळ्याला बी कशाला?
वेल तोडायचा, वेलच लावायचा."
"मग पहिला वेल कुठनं आला?"
निंगव्वाचा हात थांबला.
पुस्तकात पाहावं म्हणून मी पान उघडलं.
"माझ्या सासूनं दिला," ती म्हणाली
आणि दुसऱ्या भाऱ्याची गाठ सोडू लागली.

फळ्यापुढं उभा केला की
स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहणारा भरमाणी
वरंब्यावर गुडघे टेकून बसला.
वेल मधोमध वाकवला, दाबला,
न विचारता बोलला:
"दोन डोळं आत. शेंडा भाईर.
न्हाईतर गुदमरतंय त्ये."
डोळं म्हणजे काय, मी विचारलं नाही.
पलीकडच्या सरीतून ईरण्णा ओरडला, "कण्णु, कण्णु!"
आणि दाखवायला म्हणून
मातीचा हात आपल्याच डोळ्यांवर ठेवला.
मग डोळे चोळत तळ्याकडं पळाला.
हसू फुटलं ते दोन्ही शाळांना एकाच वेळी.

पुढं दर शनिवारी.
कुणी भांगललं, कुणी फक्त बेडकं धरली.
मंगलनं वेल उचलून उचलून ठेवले,
जागोजागी मुळं धरू नयेत म्हणून,
निंगव्वानं एकदाच सांगितलं होतं.
सातेरीला मात्र धीर नव्हता.
सगळे नळावर हात धूत असताना
तो आपल्या वरंब्यात बोट खुपसून बघायचा,
आलंय काय, केवढं आलंय,
आणि माती लोटून, वर थापटून,
गप्प रांगेत येऊन उभा राहायचा.
मी पाहिलं होतं. रागावले नाही.
मीही तेच करते, वह्या तपासताना.

एक सरी माझी होती.
घरून बादलीनं शेणखत नेलं,
पेंड घातली, रविवारीसुद्धा जाऊन आले.
काय पाला माजला होता!
मुलं म्हणायची, बाईंचा पहिला नंबर.

दसरा झाला आणि काढणी निघाली.
शिफाच्या वरंब्यात नऊ. ईरण्णाच्या तेरा,
त्यातलं एक घुशीनं अर्धं खाल्लेलं, तरी तो तेराच म्हणत राहिला.
भरमाणीनं मोजलीच नाहीत, नुसता ढीग लावला.
माझ्या सरीत कुदळ घातली:
मुळं. पुढं घातली: मुळं.
करंगळीएवढं एक, तेही वाकडं.
निंगव्वा पदर तोंडाला लावून हसली.
"लई लाड केलासा, बाई.
पोट भरल्यालं असलं की त्ये खाली कशाला जातंय?"
मुलांनी पाला म्हशींना नेला.

सातेरीला तीनच मिळाली.
दोन त्यानं आगट्टीत भाजायला टाकली.
तिसरं चड्डीला पुसून तो बघत बसला.
सालीवर एक कोर उमटलेली होती,
जुनी, भरून आलेली,
नखाची.
त्यानं आपलं बोट तिच्या शेजारी धरलं,
फिरवलं, परत धरलं.
"बाई, ह्ये माझंच नख हाय.
पण ह्ये माझ्यापेक्षा मोठं कसं काय झालं?"

धूर डोळ्यांत जात होता.
तिकडं शिफा भाजलेली रताळी वाटत होती,
कुणाच्या हातावर किती,
मोजायचं सोडून.