डावा पाव इंच मोठा

भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींमागच्या गल्लीत
सिद्राम होटकर बसतात. पाटी नाही.
"पाय ठेवा," म्हणाले. नाव नंतर विचारलं.

मोजा काढला. तीस वर्षं कोर्टात
टंकलेखन यंत्राखाली राहून पांढरा पडलेला पाय
वहीच्या कोऱ्या पानावर ठेवला.
पेन्सिल टाचेकडून निघाली, करंगळीपाशी गुदगुली झाली,
हसू दाबलं. चोपन्नाव्या वर्षी
कोणी आपल्याभोवती रेघ मारतं आहे
याची सवय नसते.

"आता दुसरा. सारख्या मापाचे दोन पाय
मी अजून पाहिले नाहीत."
डावा पाव इंच मोठा निघाला.
म्हणजे आजवरचा प्रत्येक तयार जोड
एका पायाशी तरी खोटं बोलत होता.

कातडं निवडताना म्हणाले, डोळे मिटा. वाकवा.
एक करकरलं. एक वाकेचना.
तिसरं गप्प वाकलं, गप्प सरळ झालं.
"हे घ्या. रेडकाचं आहे. रंग?"
काळा म्हणणार होतो, कोर्टाची सवय.
तोंडातून निघालं, चिंचेचा.
"नव्या की जुन्या?"
जुन्या.
घोट्याच्या वर चार बोटं. टाचेला नाल नको,
आवाज करत जायचं वय गेलं.
"काय, मुलीचं लग्न?"
नाही, म्हणालो. पुढे काही सुचलं नाही.

पावतीसाठी त्यांनी वही उलटली तर
पायच पाय. कोपऱ्यात बारीक नावं.
एका पानावर गुर्जर साहेब, सत्र न्यायाधीश,
ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं
माझी बोटं भलत्या अक्षरावर पडायची.
सपाट पाऊल. अंगठ्याजवळ गाठ,
तिच्याभोवती छोटं वर्तुळ
आणि शेरा: इथे दुखतं. जागा सोडणे.
साहेबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
"पान फाडत नाही मी," होटकर म्हणाले
आणि शाईपेन झटकलं.

सव्वा महिन्यानं बूट आले.
"आधी घरातच घाला. संध्याकाळी, पाय फुगलेले असताना."
घरात! कुमुदिनीनं असं पाहिलं
जणू मी देवघरात विडी पेटवली.
शेवटी गॅलरीवर तडजोड झाली.
नऊ फूट जायचं, नऊ फूट यायचं.
समोरच्या गच्चीवरच्या बाई
पापड वाळत घालायच्या थांबल्या.

आणि पुण्यात बूट घालून जाणार कुठे?
प्रत्येक दार म्हणतं, काढा.
बारा भोकांतून नाडी सैल करेपर्यंत
यजमान दार धरून उभे,
आत पोहे निवताहेत.
मग एवढा ऐवज जिन्यात,
कुणाच्या तरी रबरी सपातांशेजारी,
आणि मी सोफ्यावर, मोज्यातून डोकावणारा अंगठा
दुसऱ्या पायाखाली लपवत.

आषाढात शिलाईच्या कडेनं बुरशी आली,
पांढरी, मऊ, दुधावरच्या सायीसारखी.
फोन केला.
"घाबरू नका. कोरडं फडकं. उन्हात ठेवाल तर तडकेल,
पंख्याखाली ठेवा, पोटात वर्तमानपत्र कोंबा.
आणि लागोपाठ दोन दिवस घालू नका हो,
त्यालाही रजा लागते."

आता रविवारी जुन्या बनियनचा तुकडा
दोन बोटांना गुंडाळतो. झाकणात थेंबभर पाणी,
कडेला मेण. गोल, गोल,
हात हलका, आणखी हलका.
बऱ्याच वेळानं टोकात खिडकी उमटते,
मग गज, मग वाकलेलं एक डोकं,
टक्कल धरून.

डाव्यावरची सुरकुती उजव्यापेक्षा खोल आहे.
कशामुळे, कोण जाणे.
माझ्या पानावर काय शेरा लिहिलाय
ते विचारायचं राहिलंच.
तळ बदलायला नेईन तेव्हा विचारीन.
सध्या तळ शाबूत आहे.