काळं तळं

रंकाळ्याच्या कठड्यावर भेळ खात केरबा कुंभार सांगतो:
गावाचं नाव ब्लॅकपूल.
जावई म्हणाला, म्हणजे काळं तळं.
जाऊन बघतोय तर समुद्र!
आणि आपण तळ्याला चौपाटी म्हणतोय.
फिट्टंफाट.

जून महिना, अंगात दोन स्वेटर.
पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्च्यांत गोरी म्हातारी माणसं
पैसे भरून वारं खात बसलेली.
पोरीनं कागदात मासा-बटाटा आणला.
ना तिखट, ना कांदा.
निम्मा पाखरानंच नेला,
बरं झालं.

मग गाढवं दिसली.
वाळूवर ओळीनं नऊ.
कपाळाच्या पट्टीवर प्रत्येकाचं नाव.
नातू बसला तिचं नाव डेझी.
पोरीला म्हटलं, मालकाला इचार,
वजन किती टाकतोस?
तो हसला. बारकी पोरंच बसतात म्हणे,
दुपारी जेवणाची सुट्टी,
आणि शुक्रवारी काम बंद.

शुक्रवारी!

केरबा रिकाम्या कागदाची घडी घालतो,
उलगडतो,
परत घालतो.

आमच्या बापाची सात होती.
नदीची माती, विटा, राख,
बापट कॅम्पच्या वाटेवर
पाठी सोलून निघायच्या.
हळद लावायचा बाप,
आणि परत लादायचा.

नावं काय होती? मी विचारतो.

नावं कुठली. हुर्र म्हटलं की सातही चालायची.

पलीकडं शालिनी पॅलेसचे दिवे लागतात.

एक लंगडं होतं,
त्याच्या कानाला लागून आई कायतरी बोलायची,
भाकरी देताना.
काय म्हणायची,
इचारायचं राहिलं बघ.

कागद टाकायला तो कुंडी शोधत उठतो.