मडगार्डवरचा खडू

चिंचेखाली अकरा वर्षं उभी होती मेटाडोर.
हौद्यात गोवऱ्या, स्टिअरिंगखाली कोंबडीची अंडी,
डाव्या सीटच्या फोममध्ये खारीचं बाळंतपण.
संत्र्याचे क्रेट वाहून वाहून
फळ्यांना अजून एक आंबूस वास,
दुपारी जरा जास्तच.

गेल्या पोळ्यापासून बाबांना ऐकू येत नाही.
अमरावतीच्या डॉक्टरांनी मशीन दिली आहे.
ती कोनाड्यात असते, पिशवीत,
कुंकवाच्या करंड्याशेजारी.
"ते घातलं का निसतं भांड्यावर भांडं आपटते,"
म्हणतात.

म्हणून रविवारी मी शाळेतला खडू आणते,
मडगार्डवर लिहिते:
कोणता पाना?
"चौदा-पंधरा."
उलटे आटे आहेत का?
"नाय. तुह्या हाताले जोर नाय."

आईनं पार्ट धुवायला कणकेची परात दिली.
डिझेल ओतताना पाहून म्हणाली,
आता ही परत आणू नका,
अन् तुम्हीबी ह्या वासानं घरात येऊ नका.
त्या दिवशी आम्ही ओट्यावर जेवलो.

एका नटाला दोन रविवार लागले.
निघाला तेव्हा बाबांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.
फेकला नाही,
परत कुठं लावलाही नाही.
नोझल परतवाड्याच्या भंगारातून आणलं.
चाँदभाईनं पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, जानरावांनी मागंच दिले आहेत.
कधी, कशाचे, ते दोघंही सांगत नाहीत.

मग हवा काढणं.
मी फिल्टरचा नट अर्धा आटा सैल करते,
अंगठ्यानं पंप दाबते.
डिझेलमधून बुडबुडे येतात, कणीएवढे,
मग मोहरीएवढे,
संपले वाटतं तेव्हा बाबा म्हणतात,
"थांब. हवा हाय अंदर."
अंगठ्याचं साल निघालं.
"अजून."
मी काळ्या बोटांनी लिहिलं: तुम्हाला कुठून दिसते?
"दिसत नाय. हायच."

चावी अर्धी फिरवून हीटरसाठी वीस मोजायचे.
सातपर्यंत मी मोठ्यानं मोजले,
मग बोटांनी.

सुरू झाली तेव्हा
चिंचेवरचे सगळे बगळे उडाले,
कोंबडी शेजाऱ्यांच्या न्हाणीत घुसली,
धुरात आई दिसेनाशी झाली, तिचं बोलणं तेवढं येत होतं.
मला वाटलं बाबा हसतील.
त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाला टेकवलं,
मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
जबडा थरथरत होता. गाडीमुळं असेल.
किती वेळ ते तसेच वाकून होते.
वर्षभरात त्यांना इतका वेळ
कुणाचं ऐकताना मी पाहिलं नव्हतं.
मूठ काढली, तोंड पुसलं, म्हणाले,
"तिसरा मिस करते."

लाल प्रायमर मारला तेव्हा माझे सगळे प्रश्न आत गेले.
दाराच्या आतल्या बाजूला गन पोचली नाही,
तिथं जेवलात का? राहून गेलं.
दौलत पेंटरनं विचारलं, समोर नाव काय लिहू?
मी दारावर लिहून दाखवलं.
"कायले नाव? नंबर लिव."

गिअर एकच पडत होता, मागचा.
लिंकेज पुढच्या रविवारी पाहू,
हे लिहायला मी खडू शोधत होते
तेवढ्यात ते खारीच्या सीटवर बसून मोकळे झाले.
"चाल."

मग उलटीच नेली.
अंगणातून, नळाच्या रांगेसमोरून,
पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली,
कुणीतरी ओरडलं, मास्तरीणबाई, गाव इकडं आहे!
मी मान वळवून, एक हात त्यांच्या सीटमागं,
मारोतीच्या पारापर्यंत.
बाबा मात्र समोरच्या काचेतून
घराकडं पाहत होते.
दारात आई, परात काखेत,
लहान लहान होत चाललेली,
आणि ते तिला हात करत होते,
रात्रीचा माल भरून
कळमन्याला निघाल्यासारखे.