दोन जास्तीचे

वही एकच, कंपनीची, लांबोडकी, निळ्या रेघांची.
पुढून ट्रकांचे नंबर, भरले वजन, रिकामे वजन.
उलटी करून मागून उघडली
की हॉलरॉइड.

मी विश्वंभर मळीक, डिचोलीचा,
अकरा वर्षे काट्यावरच्या टपरीत कारकून.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा,
थांबला की मी सही ठोकायचो
आणि माल सुटायचा आमोण्याच्या जेटीकडे.
डोंगर फोडला दुसऱ्यांनी,
तांबडी धूळ खाल्ली दुसऱ्यांनी,
टनांखाली नाव माझे.

इनास कार्दोज पलीकडच्या काट्यावर असायचा.
आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळवला
आणि गेला इंग्लंडच्या उत्तरेला, बिस्किटांच्या गोदामात.
तिथे त्याला सापडले हे रग्बी,
तेरा गडी इकडे, तेरा तिकडे,
आणि मधोमध चिखल.
रविवारी रात्री फोन यायचा:
ट्रायचे चार, गोलचे दोन,
लांबून मारलेल्या ड्रॉप-गोलचा एक. बरय.
मी विचारले, तुझा हॉलरॉइड धावतो किती?
"धांवपी वेगळे, विश्वा. हाडां मोडून घेवपी वेगळे.
हो फकत लाथ मारता."

तेव्हाच तो मला ओळखीचा वाटला.

दुसऱ्याने नाक फोडून घेतलेले असते,
रेघेपलीकडे चेंडू टेकवून तो अजून आडवाच असतो,
आणि हा येतो.
हात चड्डीला पुसतो. मागे चार पावले, डावीकडे दोन.
सगळे मैदान गप्प.
दोन.
पुन्हा दोन.
सर्वाधिक गुणांच्या यादीत वर चढतात ते असलेच लोक,
इनास सांगायचा,
दोन-दोनाने, पंधरा-पंधरा वर्षे,
सुपारी कातरत बसावे तसे.

मी एकही सामना पाहिला नाही.
पुतण्याने एकदा मोबाइलवर दाखवला:
बुटका, टक्कल पडलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या.
मला वाटले होते उंच असेल.

मग ते साल. चतुर्थीला आठ दिवस होते,
माटोळीची कांगलां आणायला मी बाजारात गेलो होतो
आणि तिथेच कळले, खाणी बंद.
ट्रक दारोदार उभे राहिले, टायर बसू लागले.
काट्यावर गेलो, नुसताच.
शून्य. शून्य. शून्य.
त्या रविवारी इनासचा फोन आला तो ओरडतच:
"आनीक दोन रे! अगदी कडेच्या रेघेवरून!
वारा समोरून, पाऊस, शेवटचे मिनिट!"
मी लाल पेनाने लिहिले.
त्या रात्री जेवलो.

हॉलरॉइड थांबला, तेव्हा माझी बेरीज २९४७.
पुतण्याने यादी काढून दिली. तिच्यात २९४५,
सतरावा.
काटकुळ्या बोटाने मी पाने उलटीसुलटी केली,
तीन दिवस, बायको हसेपर्यंत.
मिळाले शेवटी:
त्या रविवारचा शेवटचा गोल नाहीच.
चेंडू खांबाला लागून परत आला होता.

यंदा नाताळला इनास आला.
जाडा झालाय, जिना चढताना थांबतो.
आम्ही काट्यावर गेलो. पत्रा गंजलाय,
फटीतून टाकळा उगवून वाळलाय.
तो मधोमध जाऊन उभा राहिला, ट्रकासारखा,
म्हणाला, "पळय, कितें येता?"
टपरीला दार नाही, आकड्याच्या डब्यात
गांधीलमाश्यांचे घर.

मी विचारले, त्या दिवशी वारा होता ना रे,
समोरून?
तो खाली बघत राहिला.
बूट पत्र्यावर घासला.
"आशिल्लो," म्हणाला, "मातसो."

काट्यावर थोडा फरक चालतो.
कंपनीचाच नियम होता तो.
बेरजेखाली मी सही केलीय.